‘आमचे वैयक्तिक काही नाही’



तरुण संघाच्या सभेत खेळाचा विषय निघाला की आपण बहुधा एरिक लिडलची गोष्ट सांगतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो त्या शर्यतीत धावला नाही. गोष्ट चांगली आहे आणि ती सांगत राहावी. पण या वेळी आम्ही दुसऱ्या एका खेळाडूबद्दल लिहीत आहोत. लिडलने न धावण्याचा निर्णय स्वतः घेतला. या माणसाला मात्र खेळायचे होते आणि त्याला खेळू दिले गेले नाही. ते कोणी केले आणि कसे केले, हे मंडळीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी नीट पाहण्याजोगे आहे.

त्याचे नाव मोझेस फ्लीटवूड वॉकर. जन्म १८५६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या माउंट प्लेझंट गावचा. या गावात क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती होती आणि दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवून पुढे पोहोचवण्याचे काम तिथे चाले. वॉकरचे वडील डॉक्टर होते, पुढे ते मेथडिस्ट पाळक झाले. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर हा पाद्रीसाहेबांचा मुलगा. तो शिकला ओबर्लिन कॉलेजात. हे कॉलेज ख्रिस्ती लोकांनी १८३३ साली काढले आणि १८३५ पासून तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश होता. पुढे कायदा शिकायला तो मिशिगन विद्यापीठात गेला. दोन्हीकडे तो बेसबॉल खेळला आणि कॅचर म्हणून नाव मिळवले.

कॅचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा. फरक एवढाच की बेसबॉलमध्ये कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर खुणेने सांगतो आणि पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, त्याप्रमाणे फेकतो. दोघांचा एकमेकांवर विश्वास नसेल तर मार बसतो तो कॅचरला. त्या काळी आजच्यासारखे जाड हातमोजेही नव्हते. वॉकरचे हात वरचेवर सुजलेले, फुटलेले असत.

आता त्या काळच्या दोन मोठ्या लीगबद्दल दोन शब्द. १८७६ साली सुरू झालेली नॅशनल लीग स्वतःला सभ्य लोकांची लीग म्हणवून घेई. तिच्यात रविवारी सामने होत नसत, मैदानात दारू विकायला बंदी होती. सिनसिनाटीच्या क्लबने बिअर विकणे आणि रविवारी मैदान भाड्याने देणे सोडले नाही, म्हणून १८८० साली त्याला लीगमधून काढून टाकले. १८८२ मध्ये मैदानात उतरलेली अमेरिकन असोसिएशन ही दुसरी लीग याच्या उलट. तिथे तिकीट स्वस्त, रविवारी सामने, आणि मैदानात बिअर. भल्या घरच्या ख्रिस्ती लोकांनी कोणत्या लीगकडे पाहून मान हलवली असेल आणि कोणत्या लीगकडे पाहून नाक मुरडले असेल, ते सांगायला नको.

वॉकर खेळला तो दुसऱ्या लीगमध्ये. त्याचा टोलीडोचा संघ १८८४ साली अमेरिकन असोसिएशनमध्ये आला आणि उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून ओळखला जाणारा माणूस अमेरिकेतल्या अव्वल दर्जाच्या लीगमध्ये खेळला. तो त्या हंगामात ४२ सामने खेळला. त्याचा भाऊ वेल्डीही थोडे सामने खेळला. शब्बाथ पाळणाऱ्या, दारू न विकणाऱ्या लीगचे दार मात्र वॉकरसाठी उघडले नाही. शब्बाथ पाळणे चुकीचे होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण पवित्रतेची एक यादी मनापासून पाळताना माणूस दुसरी यादी किती सहज विसरतो, ते यावरून दिसते.

या सगळ्या प्रकरणात एक नाव पुन्हा पुन्हा येते, शिकागो संघाचा कप्तान कॅप अॅन्सन याचे. तो त्या शतकातला सर्वांत नावाजलेला खेळाडू होता. १९३९ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतले. वॉकरची गोष्ट सांगताना सगळा दोष अॅन्सनच्या माथी मारायची पद्धत आहे. अॅन्सनचा दोष होताच. पण तारखा एकापुढे एक मांडून पाहिल्या की वेगळे काही दिसते.

१० ऑगस्ट १८८३. अॅन्सनचा शिकागो संघ टोलीडोला मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला. वॉकर मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही, असे अॅन्सनने सांगितले. खरे तर त्या दिवशी वॉकरचे हात दुखत होते आणि त्याला विश्रांती देण्याचे ठरले होते. पण टोलीडोचा मॅनेजर चार्ली मॉर्टन या दमदाटीने चिडला. त्याने वॉकरला मुद्दाम संघात घेतले आणि उजव्या बाजूला क्षेत्ररक्षणाला उभे केले. सामना झाला नसता तर तिकिटाच्या पैशातला शिकागोचा वाटा बुडाला असता. अॅन्सन कुरकुरला, यापुढे असे खेळणार नाही म्हणाला, आणि खेळला.

पुढचे वर्ष, एप्रिल १८८४. जुलैमध्ये दोन्ही संघ पुन्हा भेटणार होते. शिकागो क्लबच्या कचेरीतून मॉर्टनला पत्र आले. त्याचा आशय असा की क्लबच्या व्यवस्थापनाचे याबाबत वैयक्तिक काही म्हणणे नाही, परंतु खेळाडूंची ठाम हरकत आहे, आणि संघात एकोपा राहावा म्हणून वॉकर खेळणार नाही असे आपण लेखी कळवावे. २५ जुलैच्या त्या सामन्यात वॉकर खेळला नाही.

त्याच हंगामात टोलीडोचा पिचर टोनी मुलेन वॉकरच्या खुणा न पाहता मनाला येईल तसे चेंडू टाकत होता. पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःच हे कबूल केले आणि वॉकर हा आपल्याला लाभलेला सर्वांत चांगला कॅचर होता, असेही सांगितले. चांगला आहे हे ठाऊक होते, तरी त्याचे ऐकायचे नव्हते. सप्टेंबरमध्ये रिचमंडहून मॉर्टनला धमकीचे पत्र आले की वॉकर इथे खेळायला उतरला तर जमाव त्याला सोडणार नाही. तोवर वॉकर दुखापतींनी बेजार झाला होता. त्याच महिन्यात क्लबने त्याला मोकळे केले.

१४ जुलै १८८७. वॉकर आता न्यूअर्कच्या संघात होता. त्याच संघात जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर होता, त्या हंगामात तीसहून अधिक सामने जिंकून देणारा. पुन्हा शिकागोशी मैत्रीपूर्ण सामना, पुन्हा अॅन्सनची तीच अट. या वेळी कोणी चिडले नाही. स्टोव्ही आजारी असल्याचे सांगण्यात आले. स्टोव्ही आणि वॉकर दोघेही बसून राहिले. त्याच दिवशी बफेलो शहरात इंटरनॅशनल लीगच्या क्लबांची बैठक झाली. त्या लीगमध्ये त्या वर्षी अर्धा डझनभर कृष्णवर्णीय खेळाडू होते. यापुढे अशा खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत, असा ठराव सहा विरुद्ध चार मतांनी झाला.

वॉकर आणखी दोन वर्षे सिराक्यूजच्या संघात खेळला. १८८९ मध्ये त्याला सोडले, आणि त्यानंतर त्या लीगमध्ये पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९४६ साली, जॅकी रॉबिन्सन. अव्वल लीगमध्ये रॉबिन्सन उतरला १५ एप्रिल १९४७ रोजी. वॉकर गेल्यापासून ६३ वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत अव्वल लीगच्या नियमांच्या पुस्तकात ‘कृष्णवर्णीय नको’ असे वाक्य कोणाला लिहावे लागले नाही. सर्वांना ते ठाऊक होते आणि कोणी विचारत नव्हते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. १८८३ मध्ये अॅन्सन तोच होता, वॉकरही तोच होता. १८८७ मध्येही दोघे तेच होते. बदलला तो मधला माणूस. पहिल्या वेळी मध्ये उभ्या असलेल्या मॅनेजरने ‘नाही’ म्हटले आणि अॅन्सन एका दुपारीत नमला. मॉर्टन काही संत नव्हता, तो रागावला होता इतकेच, आणि अॅन्सनही पश्चात्तापाने नव्हे तर पैशासाठी खेळला. तरीही वॉकर त्या दिवशी मैदानात होता. दुसऱ्या वेळी मधल्या माणसांनी एकोपा राखला, आणि वॉकर बाकावर बसला. द्वेष करणारे थोडेच असतात. त्यांचे काम होते ते मधल्या लोकांमुळे, ज्यांचे वैयक्तिक काही नसते.

आणि मंडळीत हे मधले लोक म्हणजे आपण. यादी करणारे, फोन करणारे, खुर्च्या मांडणारे, वही सांभाळणारे.

आमचीच एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही चौघे-पाच जण कॅरलच्या फेरीची यादी करायला बसलो होतो. रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत आपल्या मंडळीची सात घरे आहेत. कोणीतरी म्हणाले, तिकडे गेलो की फार उशीर होतो. दुसरे म्हणाले, गल्लीत दिवे नाहीत, बरोबर मुली असतात. तिसऱ्याने म्हटले, आपल्याला काही नाही हो, पण काही घरच्यांना तिथे चहापाणी घ्यायला जड जाते, उगाच नाताळात कुरबुर नको. चौथ्याने वही मिटली. आमच्यातला एकही जण त्या घरांच्या विरुद्ध नव्हता. खरेच नव्हता. नाताळच्या उपासनेनंतर त्या वस्तीतल्या एक मावशी भेटल्या. म्हणाल्या, “बाळांनो, यंदा आला नाहीत? नातवंडे साडेअकरापर्यंत जागी होती.” आम्ही म्हटले, “वेळच झाला नाही, मावशी.” त्या म्हणाल्या, “बरं, पुढच्या वर्षी या.” वेळ झाला नाही हे खोटे होते, आणि ते त्यांनाही कळले होते असे आम्हाला वाटते.

आमच्या मंडळीत जात नाही, असे आपण बाहेरच्यांना अभिमानाने सांगतो. कागदावर ते खरे आहे. आपल्या घटनेत, नोंदवहीत, प्रभुभोजनाच्या विधीत कुठेही तसे लिहिलेले नाही. पण लग्नाच्या बोलणीत ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते आपल्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही कळते. शास्त्रवाचनाला कोणाची नावे वर्षातून चारदा येतात आणि कोणाचे पाच वर्षांत एकदाही येत नाही, ते मागच्या वह्या काढून पाहावे. वॉकरच्या लीगसारखाच आपलाही नियम कुठे लिहिलेला नाही.

मराठी माणसाला तर हे दुरून आलेले शिक्षण वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. तिकडच्या कामातून इकडच्यांनी धडा घ्यावा, ही त्यांची इच्छा होती. त्यानंतर दहाच वर्षांनी त्याच अमेरिकेत, गुलामगिरीविरुद्धच्या युद्धात जिंकलेल्या उत्तरेतल्या एका शहरात, एका सुशिक्षित माणसाच्या अंगाच्या रंगावरून सामना अडला. कायद्याने बेडी तुटली तरी यादी कोण करतो, हा प्रश्न राहतोच. फुल्यांनी त्यांच्याकडून चांगला धडा घ्यायला सांगितले, आपण त्यांच्या चुकीचाही घ्यावा.

पवित्र शास्त्राला ही माणसे चांगली ठाऊक आहेत. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल अंत्युखियातली घटना सांगतो. पेत्र परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीला बसत होता. याकोबाकडची माणसे आली तसा तो मागे सरू लागला आणि वेगळा राहिला. पेत्राच्या मनात त्या बांधवांविषयी काही होते का? काही नव्हते. कालपर्यंत तो त्यांच्याबरोबर जेवत होता. त्याला फक्त आलेल्या लोकांची भीती वाटली. त्याला पाहून बाकीचे यहूदी बांधव सरकले, शेवटी बर्णबासारखा सज्जनही सरकला. पौलाने हा शिष्टाचाराचा किंवा एकोप्याचा प्रश्न मानला नाही. ही सुवार्तेशीच फारकत आहे, असे त्याने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर सांगितले. एकोपा टिकवण्यासाठी पंगत मोडली तर उरलेल्या एकोप्याला ख्रिस्ती म्हणता येत नाही, हा पौलाचा मुद्दा आहे, आणि तो अगदी साध्या जेवणाच्या ताटावरून निघालेला आहे.

आपल्या सेवेचा उगमही आठवावा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. रोजच्या अन्नवाटपात एका भाषेच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ‘मंडळीत कुरबुर नको’ म्हणून तक्रार दाबली नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन त्यांतलाच एक. म्हणजे मंडळीत आपल्यासारखे स्वयंसेवक मुळात नेमले गेले तेच यादीतून कोणी गळत होते म्हणून. यादीतून नावे गाळणे हे आपल्या हातून व्हावे, यासारखी दुसरी उलटी गोष्ट नाही.

कोणी म्हणेल, असे बोलू लागलो तर मंडळी फुटेल, जुनी घरे वर्गणी बंद करतील. ही भीती खोटी नाही, आम्हालाही ती वाटते. पण १८८३ च्या त्या दुपारी टोलीडोचे मैदान फुटले नाही. धमकी देणारा खेळलाच. पुष्कळदा धमकी ही तेवढीच असते, आणि आपण ती पारखून न पाहताच मान्य करतो. आणि समजा एखादे घर खरेच रुसले, तरी त्याची बेरीज करताना फाटकापलीकडची सात घरे किती वर्षे मुकाट रुसून आहेत, तेही मांडावे. ती वर्गणी बंद करत नाहीत म्हणून त्यांचा रुसवा हिशेबात धरायचा नाही, हे न्यायाचे नाही.

म्हणून आमच्या बाजूने आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत आणि त्या इथे उघड लिहितो, म्हणजे आपण आम्हाला विचारू शकाल. यादीतून नाव किंवा घर गळले तर कारण वहीत लिहायचे, आणि जे कारण लिहायला लाज वाटते ते कारण चालणार नाही. ‘काहींची हरकत आहे’ असे कोणी म्हटले तर ‘कोणाची?’ असे विचारायचे, आणि हरकत असणाऱ्याने ती कमिटीपुढे स्वतः येऊन मांडावी, आपण तिचे टपालवाले व्हायचे नाही. आणि तिसरे, कॅरलची फेरी फाटकापलीकडून सुरू करायची, तिथे चहा घ्यायचा. गेल्या डिसेंबरात तसे केले. दोन जण आले नाहीत. बाकीचे आले. मावशींनी करंज्या केल्या होत्या.

वॉकरचे पुढे काय झाले तेही लपवू नये. खेळ सुटल्यावर तो टपाल खात्यात लागला. १८९१ मध्ये सिराक्यूजच्या रस्त्यात काही गोऱ्या लोकांशी झटापट झाली, त्याच्या हातून एक माणूस भोसकला जाऊन मेला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. पुढे १८९८ मध्ये टपालातल्या चोरीबद्दल त्याला वर्षभराचा तुरुंगवास झाला. नंतर त्याने थिएटर चालवले, चित्रपटाच्या रिळांसंबंधी पेटंट मिळवली, आणि १९०८ साली एक पुस्तिका लिहिली. तिच्यात म्हटले की अमेरिकेत काळ्या माणसाला भवितव्य नाही, त्याने आफ्रिकेत जावे. पाळकाचा मुलगा, ओबर्लिनमध्ये शिकलेला, गोऱ्या सोबत्यांबरोबर एका संघात खेळलेला माणूस शेवटी या निष्कर्षाला आला. १९२४ साली तो वारला. स्टूबेनव्हिलच्या कबरस्तानात त्याच्या कबरेवर १९९० पर्यंत नावाचा दगडही नव्हता. तो बसवला ओबर्लिनच्या माजी विद्यार्थ्यांनी.

हा योगायोग पाहा, त्याच १९२४ साली पॅरिसमध्ये लिडल रविवारी धावला नाही. त्याची गोष्ट आपण सांगतो, सांगत राहू. पण मुलांना ती सांगून झाली की वॉकरचीही सांगावी, आणि मग त्यांना विचारावे की त्या दिवशी न्यूअर्कच्या संघात तुम्ही असता तर काय केले असते. उत्तर ऐकण्याआधी आपण मोठ्यांनी आपल्या वह्या तपासून ठेवाव्यात.

प्रभू, ज्यांना आम्ही मुकाट्याने बाकावर बसवले त्यांची आम्हाला आठवण दे. आमच्या भीतीला आम्ही एकोपा म्हटले, त्याची क्षमा कर. आणि मध्ये उभे राहण्याची वेळ येईल तेव्हा तोंड उघडण्याचे धैर्य दे. आमेन.